गंज कुठं संपतो

गाडी धुताना मागच्या चाकाच्या कमानीवरून हात फिरवत होते आणि बोटाला काहीतरी लागलं. तिळाएवढा उंचवटा. वरचा रंग शाबूत होता, पांढरा आणि तकतकीत, पण नखाने दाबलं की आतून किंचित दबायचा. मी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. ही जागा माझ्या चांगल्या ओळखीची होती. आठ महिन्यांपूर्वी इथंच खडा लागून रंगाचा टवका उडाला होता आणि त्यात तपकिरी ठिपका दिसला होता. मी पॉलिश पेपरने चारदा घासलं, टच-अप रंगाची छोटी बाटली उघडली आणि ठिपका बुजवून टाकला. तेव्हा जागा इतकी नीट दिसत होती की पुन्हा तिच्याकडे बघावंसंही वाटलं नाही. तो गंज आता रंगाखालून पसरत वर आला होता.

मामांना फोटो पाठवला. त्यांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामात गेलं. मी विचारलं, "मामा, वरून कुठला रंग लावू म्हणजे टिकेल?" लगेच फोन आला. "अगं, रंगाचं नंतर बघू. आधी गंज कुठं संपतो ते शोध. ते सापडल्याशिवाय डब्याला हात लावू नकोस."

पुढचे तीन आठवडे मी हेच शोधत होते.

पहिल्या दिवशी दुरुस्ती काहीच केली नाही. गाडी शाम्पूने धुतली, कोरडी केली आणि उन्हात उभी करून वही-पेन्सिल घेऊन तिच्याभोवती फिरले. बॉनेटच्या पुढच्या कडेला सात टवके होते. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या दुमडीवर एक ओरखडा होता आणि त्यात तपकिरी रेघ. कमानीवर तो फुगा. पुढच्या बंपरवर दोन मोठे टवके होते, पण बंपर प्लॅस्टिकचा. तो गंजत नाही, म्हणून ते यादीत सगळ्यात खाली गेले. डिकीच्या झाकणावर मात्र बारीक नारिंगी ठिपके दिसले, वीस-पंचवीस तरी असतील, आणि माझं धाबं दणाणलं. एवढ्या ठिकाणी पत्रा गंजला असेल तर घरच्या घरी हे निभणार नव्हतं.

मामा म्हणाले, "भिंग घे आणि नीट बघ. रंग फुटलाय का?" रंग कुठंही फुटलेला नव्हता. ते ठिपके गाडीच्या पत्र्याचे नव्हतेच. ब्रेक घासल्यावर उडणारी किंवा रेल्वेच्या रुळांवरून येणारी लोखंडाची बारीक भुकटी रंगावर बसते, त्यात थोडी रुतते आणि तिथंच गंजते. पांढऱ्या गाडीवर ती जास्त उठून दिसते. लोखंडाचे कण विरघळवणारं एक द्रावण मिळतं. ते फवारल्यावर प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळा ओघळ धरला. पाच मिनिटांनी भरपूर पाण्याने धुतलं. जे थोडे उरले ते ओल्या पृष्ठभागावर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, हलक्या हाताने फिरवल्यावर निघाले. तासाभरात डिकी स्वच्छ झाली. त्या ठिपक्यांना घाबरून मी पॉलिश पेपर लावला असता, तर चांगला रंग स्वतःच्या हाताने खराब केला असता. म्हणून गाडीवर नारिंगी ठिपका दिसला की मी आधी रंग फुटलाय का ते बघते आणि मग बोट फिरवते. खळगा लागला तर टवका, फुगवटा लागला तर आतला गंज. जागा सपाट असून नुसती खरखर लागली तर बहुतेक वेळा ती बाहेरून येऊन बसलेली भुकटी असते.

रंग किती पातळ असतो याची मला खरंच कल्पना नव्हती. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळी बॉडी हौदात बुडवून, वीज सोडून तिच्यावर इ-कोट नावाचा थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन होतं, म्हणजे एक मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. एक खडा एवढं सगळं एका फटक्यात भेदतो. पत्रा उघडा पडला की त्याला पाणी आणि हवा मिळते आणि गंज धरतो. मिठाचा अंश असेल तर तो झपाट्याने वाढतो. त्यात गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगतो, भोवतीचा रंग उचलतो, उचललेल्या रंगाखाली पाणी शिरतं आणि तिथं नवा गंज लागतो. डोळ्याला दिसतो तो फक्त टवका. गंज त्याच्या कडेखालून वाळवीसारखा आत सरकत असतो. आठ महिन्यांपूर्वी मी टवक्याच्या आत घासलं होतं, कडेखाली नाही. चूक तिथं झाली होती.

कमान सगळ्यात अवघड, म्हणून तिथूनच सुरुवात केली. आधी चाक काढून आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मोकळं केलं, कारण मामांचा दुसरा प्रश्न होता, "मागून काय आहे?" पत्रा आतून गंजत बाहेर आला असेल तर बाहेरून कितीही रंगवलं तरी उपयोग नाही. कमानीच्या आतल्या दुमडीत वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता. लाकडी पट्टीने तो काढला, ब्रशने धुतला आणि टॉर्च मारून पाहिलं. मागची बाजू शाबूत होती. पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोकून पाहिलं तर आवाज खणखणीत आला, पत्रा कुठं दबला नाही. इथं जर भोक पडलेलं असतं, किंवा गंज दाराखालच्या पट्टीत, सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडाजवळ असता, तर मी काम तिथंच थांबवलं असतं. त्या जागा गाडीचा भार पेलतात. तिथला कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो आणि ते जाणकाराचंच काम आहे.

ही जागा मात्र माझ्या आवाक्यातली होती. भोवताली मास्किंग टेप लावली आणि वॅक्स व तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसून घेतलं. हे पुसणं घासण्याच्या आधीच करावं लागतं. आधी घासलं तर रंगावरचं वॅक्स आणि सिलिकॉन पेपरबरोबर पत्र्यात रगडलं जातं आणि नंतर प्रायमर तिथं धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. मग धारदार पट्टीचं टोक फुग्याखाली सरकवलं. रंगाचा पापुद्रा सहज उचलला गेला आणि त्याच्या मागे तपकिरी भुगा चिकटलेला दिसला. बाहेरून फुगा जेमतेम 5 मिलिमीटरचा होता. पट्टी पुढे सरकवत गेले. जिथं रंग विरोध न करता उचलला जात होता तिथवर तो उचलायचा आणि जिथं घट्ट धरलेला लागला तिथं थांबायचं. थांबले तेव्हा उघडी जागा 20 मिलिमीटर भरली. एका बाजूला तर गंजाची जीभ कमानीच्या काठाकडे गेली होती, आणि बाहेरून तिचा मागमूसही नव्हता.

80 नंबरच्या पेपरने ती जागा घासायला घेतली. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, हा बराच खरखरीत. कोरडं घासताना धूळ उडते, म्हणून तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. पहिल्या दहा मिनिटांत तपकिरी रंग गेला, खालून पांढुरका चमकता पत्रा दिसायला लागला आणि मला वाटलं, झालं. उजेड तिरपा धरला तेव्हा कळलं की झालेलं नाही. चमकत्या पत्र्यात सुईच्या टोकाएवढे काळे टिंब होते, एका पट्ट्यात दाटीवाटीने. ते गंजाने कुरतडलेले खड्डे. पेपर त्यांच्या वरून सरकत जातो, तळापर्यंत पोचतच नाही. प्रत्येक काळ्या टिंबात गंज शिल्लक होता आणि मागच्या वेळी नेमका हाच गंज मी रंगाखाली गाडला होता. काचतंतूचं टोक असलेलं एक पेन मिळतं, ते एकेका खड्ड्यात उभं धरून गोल फिरवत बसले. त्याचे तंतू तुटून बोटांत रुततात, म्हणून हातमोजे हवेतच आणि तुटलेले तंतू ओल्या कापडाने टिपून घ्यावे लागतात. अर्धा तास गेला. बरेच खड्डे राखाडी झाले, काही काळेच राहिले.

"सगळा पत्रा घासून पातळ करू का?" मी विचारलं. मामा म्हणाले, "नको. रोगट तेवढंच काढायचं. चांगल्या भागावरचं जस्त कशाला घालवतेस?" आजकालच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा पातळ लेप असतो. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. उगाच रुंद घासत गेलं तर आपणच ते कवच काढून टाकतो. म्हणून खोलवर उरलेल्या गंजासाठी रसायन वापरायचं ठरलं.

इथं मी दोन दिवस अडले. रस्ट कन्व्हर्टर नावाने दोन तऱ्हेची द्रावणं मिळतात. एकात टॅनिक आम्ल असतं. ते गंजाशी संयोग पावून निळसर काळा थर धरतं आणि तो थर तसाच ठेवून वर प्रायमर मारायचा असतो. दुसरं फॉस्फरिक आम्लाचं. ते गंज विरघळवतं, उरलेल्याचं फॉस्फेट करतं आणि काम झाल्यावर धुऊन टाकायचं असतं. माझ्याकडे पहिलं होतं. पण आणलेल्या इपॉक्सी प्रायमरच्या, म्हणजे दोन घटक मिसळून लावायच्या आणि पाणी अडवणाऱ्या प्रायमरच्या डब्यावर लिहिलं होतं की तो फक्त स्वच्छ, घासलेल्या धातूवर लावावा. दोन्ही सूचना पाळायच्या तर त्या एकमेकींना छेद देत होत्या. कुठंतरी आम्लाचा अंश राहिला आणि वर इपॉक्सी चढवला, तर तो नीट सुकत नाही किंवा पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. शेवटी फॉस्फरिक आम्लाचं द्रावण आणलं. कापसाने खड्ड्यांवर ते लावायचं, सुकू द्यायचं नाही, ओलं असतानाच काचतंतूच्या पेनने घासायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. चौथ्या वेळी शेवटचं काळं टिंब राखाडी झालं. मग पाण्याने दोन-तीनदा धुतलं आणि कापडाने टिपलं.

संध्याकाळ झाली होती. प्रायमर सकाळी मारू म्हणून मी जागा तशीच उघडी ठेवली. रात्री हवेत दमटपणा होता. सकाळी पाहते तो सगळ्या पत्र्यावर फिकट नारिंगी झाक. एका रात्रीत! हा वरवरचा गंज, 180 च्या पेपरने पाच मिनिटांत गेला, पण तेव्हापासून एक नियम कायमचा पाळते: पत्रा उघडा केला की त्याच दिवशी झाकायचा. प्रायमर मारायला वेळ नसेल तर त्या दिवशी पत्रा उघडायचाच नाही. धुतल्यानंतर नुसतं पुसून भागत नाही. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा खड्ड्यांवर मारली तेव्हा त्यांतला ओलावा खरा गेला.

त्यानंतर रंगाची कड उतरती केली. उघड्या पत्र्यापासून शाबूत रंगापर्यंत जी पायरी असते ती 180, मग 320, मग 400 असं घासत घासत इतकी सपाट करायची की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी कळू नये. या कामात मला फार समाधान मिळालं. घासत गेलं की थरांची वर्तुळं दिसू लागतात: मधे पत्रा, त्याभोवती इ-कोटचं राखाडी कडं, मग प्रायमरचं, मग पांढऱ्या रंगाचं आणि सगळ्यात बाहेर क्लिअर कोटची धूसर किनार. लाकडातल्या वलयांसारखी. ही वलयं अरुंद असतील तर उतार खडा आहे. ती रुंद होईपर्यंत घासायचं. माझी 20 मिलिमीटरची जागा आता जवळजवळ 60 मिलिमीटर झाली होती. फोटो पाहून घरच्यांना वाटलं मी गाडी बिघडवली. गंज तेवढाच होता, पण रंगाला पाय रोवायला रुंद उतार लागतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि इपॉक्सीचा पातळ हात ब्रशने दिला. खड्ड्यांत तो नीट जावा म्हणून ब्रश टोचत टोचत लावला. दुसऱ्या दिवशी तो घासून खड्ड्यांवर बारीक पुट्टीचा नखाएवढा लेप. पुट्टी थेट पत्र्यावर भरायची नाही असं मामांनी बजावलं होतं. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते. तिच्याखाली उघडा पत्रा असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि आत गंज लागतो. खाली इपॉक्सी असला की पाणी पत्र्यापर्यंत पोचत नाही. पुट्टी घासून झाल्यावर स्प्रेने सरफेसर प्रायमरचे, म्हणजे घासून सपाट करता येणाऱ्या जाडसर प्रायमरचे, तीन पातळ हात, मधे वीस-वीस मिनिटं. तो पूर्ण वाळल्यावर वर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला. याला गाइड कोट म्हणतात. मग रबरी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून पाण्याने घासलं. जिथं काळं आधी निघालं तो उंचवटा, जिथं काळं राहिलं तो खळगा. बोटाला जे कळलं नव्हतं ते त्या काळ्या डागांनी दाखवलं. दोन जागी पुन्हा प्रायमर मारावा लागला.

रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर होता. त्या कोडप्रमाणे रंग आणला तरी तो थेट गाडीवर मारला नाही. जाड पुठ्ठ्याला प्रायमर, रंग आणि क्लिअर लावून वाळवला आणि भर दिवसाच्या उजेडात कमानीशेजारी धरला. नवा पांढरा किंचित निळसर आला. गाडीचा रंग ऊन खाऊन पिवळटपणाकडे झुकलेला. कोड बरोबर असूनही असा फरक पडतो, शिवाय एकाच कोडाच्या दोन-तीन छटा असतात. फरक फार नव्हता, म्हणून तोच रंग घेतला, पण जुन्याशी मिसळेल अशा बेताने मारायचं ठरवलं. टेप सरळ चिकटवली तर रंगाची धारदार रेघ उमटते. त्यामुळे टेपची कड उलटी वळवून सैल ठेवली. पहिला हात फक्त प्रायमरच्या जागेवर, दुसरा थोडा रुंद, तिसरा आणखी रुंद आणि विरळ. हवा कोरडी होती, थंडी नव्हती, तोच दिवस निवडला. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी धूसर साय धरते, ते मी पुठ्ठ्यावर पाहिलं होतं.

क्लिअर कोटबद्दल मामा फार गंभीरपणे बोलले. हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) मिसळायचा क्लिअर जास्त टणक आणि टिकाऊ असतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची बाधा झाली की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. ते मारायला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा हवा. माझ्याकडे तो नव्हता. मी एका घटकाचा साधा क्लिअर घेतला, उघड्यावर, वाफा अडवणारा मास्क आणि मोजे घालून मारला, तोही कमानीची घडी जिथं वळते त्या रेषेपर्यंत. चकाकी थोडी कमी टिकेल, ते मला मान्य होतं.

कमान वाळत होती त्या दिवसांत बॉनेटचे टवके हाती घेतले. इथं मी ब्रशही वापरला नाही. टवका म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा खळगा. टच-अपच्या बाटलीतला ब्रश त्याच्यापुढे झाडूएवढा ठरतो. त्याने रंग खळग्याबाहेर पसरतो आणि वर मोठा गोळा बसतो. आधी बॉनेटला लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटला, म्हणजे पोलादच. काही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथं तांबूस गंज नसतो, रंगाखाली पांढरी भुकटी धरते. सातपैकी चार टवके पत्र्यापर्यंत गेलेच नव्हते, तळाशी राखाडी प्रायमर दिसत होता. त्यांना नुसता रंग पुरेसा. तीन टवक्यांच्या तळाशी तपकिरी होतं. तिथं काचतंतूचं पेन फिरवलं, आणि कडेला रंग सैल आहे का ते सुईच्या टोकाने चाचपलं. सैल कपच्या निघाल्या तेवढ्या काढल्या.

मग दात कोरायची काडी. तिचं टोक प्रायमरमध्ये बुडवायचं, जास्तीचा थेंब बाटलीच्या कडेला पुसायचा आणि टोक खळग्याच्या मधोमध अलगद टेकवायचं. टेकवलं की रंग आपोआप खळग्यात उतरतो आणि कडेपर्यंत पसरून थांबतो. हे दिसायला इतकं सुंदर आहे की पहिला थेंब उतरताना मी श्वास रोखून पाहत होते. पण तो वाळला की बसतो, कारण त्यातला थिनर उडून जातो. भरलेला वाटलेला खळगा तासाभराने पुन्हा अर्धा रिकामा. एकदम मोठा थेंब टाकला तर वरची साय वाळते आणि आतलं ओलंच राहतं. म्हणून गंजलेल्या टवक्यांत प्रायमरचा एक थेंब, रंगाचे चार आणि क्लिअरचे दोन, असे तीन दिवसांत मिळून सात थेंब. शेवटी प्रत्येक जागी भोवतालच्या रंगापेक्षा किंचित उंच टेकाड राहिलं पाहिजे.

दहा दिवस काहीच केलं नाही. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. वरून कडक लागणारा रंग आत मऊ असतो. घाईने घासला तर थेंबच्या थेंब उखडून येतो. दहा दिवसांनी खोडरबराच्या लहान तुकड्यावर 2000 चा वॉटर पेपर गुंडाळला, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले आणि फक्त टेकाडावर फिरवला. चार-पाच हात, पुसणं, बघणं. पुन्हा चार-पाच हात. भोवतालचा क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचाच आहे, हे सतत मनात होतं. तो एकदा फाटला की पॉलिशने भरून येत नाही. टेकाड सपाट झालं की 3000 ने जागा एकसारखी धूसर केली, मग कंपाउंड (ओरखडे घालवणारी घासायची पेस्ट), मग पॉलिश. धूसरपणातून चकाकी वर आली आणि खिडकीची सरळ रेघ त्या जागेवरून न मोडता गेली. हातभर अंतरावरून बघितलं तर टवके ओळखू येतात. दोन पावलं मागं सरकलं की मलाही शोधावे लागतात.

दाराच्या खालच्या दुमडीचं काम एका दिवसात उरकलं, पण तिथं एक गोष्ट सापडली. दाराच्या तळाला पाणी निचरायला भोकं असतात. त्यातली दोन मातीने बुजलेली होती. काडीने ती मोकळी केली तर चमचाभर गढूळ पाणी बाहेर आलं. ओरखडा बाहेरचा होता, पण ती दुमड आतून किती दिवस पाण्यात होती कोण जाणे. ती वाळवून आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ जागेत गंज रोखणारं मेण, फवारलं. कमानीच्या आतल्या दुमडीतही तेच मारलं आणि मगच अस्तर परत बसवलं. आता गाडी धुते तेव्हा ही भोकं आधी तपासते. नव्या रंगावर वॅक्स मात्र महिनाभर लावलं नाही, त्यातला उरलेला थिनर उडून जायला हवा म्हणून.

कमानीवरचा निळसर पांढरा ठरावीक उजेडात दिसतो. माहीत नसलेल्याला दिसत नाही, मला दिसतो. मामा आले तेव्हा त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. खाली बसले, डोळे मिटले आणि कमानीवरून सावकाश बोट फिरवलं. दोनदा. मग म्हणाले, "हं. आता पावसाचे दिवस जाऊ देत."

पावसाचे दिवस गेले. कमान जशीच्या तशी आहे, उंचवटा नाही, दबत नाही. बॉनेटवरच्या तिसऱ्या टवक्याच्या डाव्या कडेला मात्र गेल्या आठवड्यात केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. या वेळी मी त्याच दिवशी तो उघडला. सुईने थेंब उचलला, डावीकडची कड चाचपली, आणि तिथं रंगाखाली अर्ध्या मिलिमीटरची सैल कपची होती, मागच्या वेळी माझ्या सुईतून निसटलेली. ती काढली. तिच्याखाली अजून थोडं तपकिरी, मग राखाडी, मग रंग घट्ट धरलेला. तिथं पेन थांबवलं, पुसलं, आणि ऊन होतं तोवर प्रायमरचा पहिला थेंब टेकवला.